शिवराई, कलदार, भुरका, खोका : पैशाची नावे ठेवली कोणी?

१६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला आणि नव्या छत्रपतींच्या नावाने नाणी पाडली गेली. तांब्याच्या नाण्याच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' अशी देवनागरी अक्षरे होती. 'शिवराई' हा शब्द त्या नाण्यावर कोठेही नाही. तरीही पुढे पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राच्या बाजारात ते नाणे शिवराई म्हणूनच ओळखले गेले. नाण्यावरचा मजकूर टाकसाळीने ठरवला आणि नाव बाजाराने ठेवले. हा धागा बाजाराने ठेवलेल्या अशा नावांचा आहे.

प्रथम त्या 'राई'कडे पाहावे. छत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांची यादी कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत दिली आहे. त्या यादीत शिवराई होनाच्या शेजारी अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई अशी नावे येतात. अच्युतराय आणि देवराय हे विजयनगरचे राजे होते. ते साम्राज्य तोवर इतिहासजमा झाले होते, पण त्यांचे सोने हातोहात फिरत होते आणि लोक त्याला राजाच्या नावाने ओळखत होते. रायाचे नाणे ते 'राई'. महाराष्ट्रातल्या नव्या राजाचे नाणे बाजारात आले तेव्हा लोकांनी त्याला त्याच पंक्तीत बसवले. कोणत्याही आज्ञापत्राविना मिळालेली ही एक मान्यता होती.

'होन' हा शब्दही असाच खालून वर आलेला आहे. कन्नडमध्ये 'होन्नु' म्हणजे सोने. याच जातीच्या सुवर्णनाण्याला दक्षिणेत 'वराह'ही म्हणत, कारण चालुक्यांच्या नाण्यांवर वराहाचे चिन्ह असे. युरोपीय व्यापारी त्यालाच 'पॅगोडा' म्हणू लागले. एकाच नाण्याला कोणी धातूवरून नाव दिले, कोणी चित्रावरून, तर कोणी आपल्या परक्या नजरेला जे दिसले त्यावरून.

चित्रावरून पडलेल्या नावांत सर्वांत देखणे नाव 'पुतळी'. व्हेनिसचे डुकाट हे सोन्याचे नाणे १२८४ पासून निघत होते आणि अरबी समुद्रातील व्यापारातून ते पश्चिम किनाऱ्यावर येई. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख असे. कोकणातल्या किंवा देशावरच्या बाईला त्या दोघांची नावे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तिला माणसांच्या आकृत्या दिसल्या आणि नाण्याचे नाव पुतळी झाले. सोने अत्यंत शुद्ध असल्यामुळे ती नाणी गळ्यात ओवली गेली. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनपुढे कोसळले. सराफाच्या दुकानात 'पुतळ्यांची माळ' आजही मागितली जाते.

किनाऱ्यावर आणखी एक विलक्षण नाणे चालत असे. ते गोल नव्हते. चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेला असे. इराणातल्या लार शहरावरून त्याला 'लारी' म्हणत. विजापूरच्या आदिलशाहीनेही लारी पाडल्या. नाव शहराचे, पण ज्याच्या हातात ते पडे त्याला शहराशी काहीच कर्तव्य नसे. लारी म्हणजे विशिष्ट वजनाची, विशिष्ट कसाची चांदी, एवढे कळले की पुरे.

येथवरची नावे कौतुकाने वाचता येतात. पेशवाईतल्या रुपयांच्या नावांमागे मात्र पोटापाण्याचा प्रश्न होता.

अठराव्या शतकात मराठी मुलखात चांदीचा रुपया एका ठिकाणी पाडला जात नव्हता. टाकसाळी अनेक होत्या, काही सरकारच्या, काही सरदारांच्या, आणि बऱ्याच मक्त्याने चालवायला दिलेल्या. या रुपयांवर मजकूर फारसी असे आणि नाव दिल्लीच्या मोगल बादशहाचे असे. सत्ता पुण्यात आणि नाव दिल्लीचे, हा विरोधाभास इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. रुपया हातात घेणाऱ्या कुणब्यासमोरची अडचण निराळी होती. सगळ्या रुपयांवरची अक्षरे त्याला सारखीच अगम्य होती आणि सगळ्या रुपयांतली चांदी मात्र सारखी नव्हती.

मग रुपया ओळखायचा कसा? त्यावरच्या खुणेने. हत्तीच्या अंकुशाची खूण असलेला तो 'अंकुशी'. चांदवडच्या टाकसाळीतला तो 'चांदवडी'. बागलकोटला मल्हार भिकाजी रास्ते यांच्या कारभारात पडलेला तो 'मल्हारशाही'. ही नावे गमतीने ठेवलेली नव्हती. निरक्षर माणसाने नाणे वाचण्याची शोधलेली ती रीत होती. अंकुशी आणि चांदवडी यांत फरक न कळणारा माणूस बाजारातून घरी जाईपर्यंत आपल्या कष्टाचा काही भाग गमावून बसत असे.

तो भाग जिथे जाई त्याला 'बट्टा' म्हणत.

एका जातीचा रुपया दुसऱ्या जातीत बदलून देताना सराफ जी कसर कापून घेई ती बट्टा. शेतकऱ्याला धान्याचे मोल ज्या रुपयात मिळे, त्याच रुपयात सरकारचा सारा स्वीकारला जाईलच असे नव्हते. सरकारी खजिन्यात हलके नाणे भरले की फरकाची रक्कम वरून द्यावी लागे. म्हणजे विकताना एकदा, भरताना एकदा, आणि मध्ये उसनवारी झाली असेल तर आणखी एकदा. नाणे झिजलेले असले की बट्टा वाढे. मोगलांच्या राज्यातही चालू वर्षी पाडलेल्या 'सिक्का' रुपयाला अधिक मोल मिळे आणि आधीच्या वर्षांच्या 'चलनी' रुपयाला कमी. आज एखाद्या लोकप्रिय नटाला 'चलनी नाणे' म्हणणाऱ्याला त्या शब्दाचे हे जुने, पडेल मोल सहसा आठवत नाही.

हा सारा व्यवहार ज्याच्या बोटांवर चाले तो पोतदार. खजिन्यात येणारे नाणे खरे की खोटे, कसाचे की हिणकस, हे तो ठरवी. गावोगावी हे काम बहुधा सोनाराकडे असे. आजच्या हजेरीपटावरील पोतदार, सराफ, पारखी, नाणावटी, टाकसाळे ही आडनावे एकत्र वाचली तर त्या काळच्या पैशाच्या यंत्रणेचा जवळजवळ पूर्ण आराखडा तयार होतो. त्यात एकच माणूस सापडत नाही, बट्टा सोसणारा. सोसणे हा व्यवसाय नसल्यामुळे त्याचे आडनाव झाले नसावे.

पोतदार नाणे दगडावर आपटून त्याचा आवाज ऐके. चांगली चांदी स्वच्छ वाजे, भेसळीची बद्द वाजे. 'खणखणीत' हे विशेषण, 'नाणे वाजवून घेणे', 'पारख', 'नावाला बट्टा लागणे' हे सारे या एकाच चौथऱ्यावरून भाषेत उतरले आहे. 'बंदा रुपया' म्हणजे न मोडलेला, अखंड रुपया. निष्कलंक माणसालाही मराठी भाषा बंदा रुपया म्हणते. रुपया मोडला की हाती येई तो 'मोड' किंवा 'खुर्दा'. फारसीत 'खुर्दा' म्हणजे बारीक तुकडे, आणि म्हणून रणांगणावर शत्रूच्या फौजेचाही खुर्दा होतो.

खुर्द्याच्याही खाली कवडी होती. मालदीवच्या समुद्रातून येणारा हा शिंपला बंगाल आणि ओडिशात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत खरे चलन होते. कंपनी सरकारने ओडिशात सारा कवड्यांऐवजी चांदीत मागितला. ज्यांची सारी मिळकत कवड्यांत, त्यांना चांदी विकत घ्यावी लागली, आणि १८१७ च्या पाइक उठावामागे जी कारणे होती त्यांत हे एक होते. (उठावाचे केंद्र असलेल्या गावाचे नाव खुर्दा असावे, हा निव्वळ योगायोग.) मराठीत कवडी आता 'कवडीमोल', 'कवडीचुंबक' आणि 'फुटकी कवडी' यांत उरली आहे, म्हणजे केवळ तुच्छतेत.

१ सप्टेंबर १८३५ पासून कंपनीने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया लागू केला. वजन १८० ग्रेन, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी, एका बाजूस इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचे मस्तक आणि मजकूर मुख्यतः इंग्रजी. फारसी मागे पडली, इंग्रजी आली. कुणब्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच अगम्य. पण हा रुपया यंत्रावर पाडलेला होता, कडा काटेकोर होत्या, आणि कोणताही रुपया दुसऱ्याहून हलका नव्हता. 'कल' म्हणजे यंत्र, म्हणून लोकांनी त्याला 'कलदार' म्हटले. चेहरा होता म्हणून 'चेहरेशाही'ही म्हटले, आणि पुढे व्हिक्टोरियाचा मुखवटा आला तेव्हा 'राणीछाप'. परक्या सत्तेच्या नाण्यासाठी पडलेल्या या नावांत तिरस्कार नाही, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. बट्ट्याने पिचलेल्या माणसाला एकसारखा रुपया हा दिलासा होता, मग तो कोणाच्याही मुखवट्याचा असो. ब्रिटिश सत्तेविषयीचा राग सारावसुलीच्या वेळी व्यक्त झाला, नाण्याच्या नावात नव्हे.

मात्र हा दिलासा सर्व मराठी भाषकांना मिळाला नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि तिथे निजामाचे स्वतःचे चलन चाले, त्याचे नाव 'हाली सिक्का'. अरबी-फारसीतला 'हाल' म्हणजे वर्तमानकाळ. मराठीतले 'हल्ली' त्याच घराण्यातले. हाली म्हणजे सध्या चालू असलेले नाणे. सीमेपलीकडे कलदार होता. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार रुपये, असा हिशेब पडे. सरहद्दीजवळच्या बाजारात भाव सांगताना 'हाली की कलदार?' हा प्रश्न आधी विचारावा लागे. सातशे रुपयांचा बैल आणि सातशे रुपयांचा बैल यांत शंभर रुपयांचे अंतर पडू शकत होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात आले. तरी हाली सिक्का लगेच गेला नाही. १९५० च्या दशकात तो हळूहळू काढून घेण्यात आला. मराठवाड्यातल्या वृद्धांच्या बोलण्यात 'कलदार' हा शब्द दीर्घकाळ रेंगाळला याचे कारण हेच. 'सध्याचे नाणे' असे नाव असलेले चलन भूतकाळात गेले आणि यंत्राचे नाव लावणारे टिकले.

आतापर्यंतची नावे नाणे ओळखता यावे म्हणून होती. याच बाजारात दुसऱ्या प्रकारची नावेही होती. समोरच्याला कळू नये म्हणून ठेवलेली.

गुरांच्या बाजारात दोन माणसे एकमेकांचे हात उपरण्याखाली धरून उभी असत. बोटांच्या पेरांवरून बैलाची किंमत ठरत असे आणि भोवती उभ्या असलेल्या मालकाला, गिऱ्हाइकाला किंवा दुसऱ्या दलालाला तिचा सुगावा लागत नसे. जिथे हात लपवता येत नसे तिथे शब्द लपवले जात. व्यापारी आणि दलालांच्या या गुप्त बोलीला 'नंदभाषा' म्हणत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तिचे अंक नोंदलेले आहेत. एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू. आणि रुपयाला 'भुरका'. 'पोकू भुरके' असे एक दलाल दुसऱ्याला म्हणाला की समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव चार रुपये ठरल्याचे कळतही नसे.

कोशकाराला हे शब्द नोंदवावेसे वाटले ही आजच्या वाचकाची भाग्याची गोष्ट. बोलणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र तो घात होता. गुप्त बोली छापली गेली की तिचा उपयोग संपतो. आज भुरका ताकाचा किंवा आमटीचा उरला आहे.

याच कुळातली, पण मुंबईत वाढलेली दोन नावे म्हणजे 'पेटी' आणि 'खोका'. पेटी म्हणजे एक लाख, खोका म्हणजे एक कोटी. या शब्दांचा उगम सांगणारी लोकप्रिय व्युत्पत्ती साधी आहे, एवढी रक्कम मावायला एवढे भांडे लागते. हिशेब करून पाहिला तर ती पटण्यासारखी वाटते. जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. पाचशेची नोट १९८७ मध्ये आली. मधल्या जवळजवळ दहा वर्षांत देशातली सर्वांत मोठी नोट शंभराची होती. त्या नोटांत एक लाख म्हणजे शंभर नोटांची दहा बंडले, आणि एक कोटी म्हणजे एक हजार बंडले. दहा बंडले हातातल्या पेटीत जातात. हजार बंडलांना खोकाच लागतो, तोही मोठा.

गुन्हेगारी जगतातून हे शब्द १९९० च्या दशकातल्या हिंदी चित्रपटांत गेले आणि तिथून घराघरांत. ऑगस्ट २०२२ मध्ये ते विधानभवनाच्या पायऱ्यांवर पोहोचले. विरोधी आमदारांनी तिथे 'पन्नास खोके'ची घोषणा दिली आणि ज्यांच्यावर आरोप होता त्यांनी तो फेटाळला. राजकारणाचा निकाल ज्याने त्याने लावावा. भाषेच्या अंगाने पाहता त्या दिवशी एक सांकेतिक शब्द पूर्णपणे निरुपयोगी झाला, कारण आता राज्यातल्या शाळकरी मुलालाही त्याचा अर्थ कळतो. नंदभाषेचे जे कोशात झाले, तेच खोक्याचे पायऱ्यांवर झाले.

राहिला आणा. या सगळ्या नावांत सर्वांत चिवट तोच ठरला.

जुना हिशेब असा होता. एक रुपया म्हणजे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. यांतल्या प्रत्येक पायरीला घरगुती नाव होते. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. (हिंदीतली 'चवन्नी' चार आण्यांची आणि मराठीतली चवली दोन आण्यांची. दोन्ही भाषा बोलणाऱ्या मुंबईत यावरून किती वाद झाले असतील, याची कल्पना केलेलीच बरी.) खाली ढब्बू पैसा, म्हणजे दोन पैशांचे जाड, जड तांब्याचे नाणे. तेलुगूत 'डब्बु' म्हणजे पैसा, आणि इंग्रजांच्या कागदपत्रांतही दक्षिणेतले तांब्याचे नाणे 'डब' म्हणून येते. ढब्बू नाणे गेले, त्याचा आकार मात्र ढब्बू मिरचीला आणि गुटगुटीत मुलांना चिकटून राहिला. त्याखाली दिडकी आणि दमडी. दमडीचे आणि 'दाम'चे कूळ तर थेट ग्रीकांपर्यंत जाते. ग्रीक 'द्राख्मा', संस्कृत 'द्रम्म', आणि मराठी 'दाम'. कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत द्रम्म आढळतो. ग्रीसने २००२ मध्ये युरोसाठी द्राख्मा सोडला. मराठीत 'दामदुप्पट' चालूच आहे.

पण आणा हे नाणे कमी आणि माप अधिक होते. सोळा म्हणजे पूर्ण. त्यामुळे ज्या कशाचे भाग पाडायचे त्याला आणा लागू पडे. जमिनीच्या मोजणीत गुंठ्याचे सोळा आणे. भावकीत कोणाचा हिस्सा चार आणे, कोणाचा सहा. खऱ्या गोष्टीला 'सोळा आणे खरे', आणि बुद्धीने थोडा उणा असलेल्याला 'पावली कमी'. किरकोळ वस्तूसाठी होणाऱ्या अवाढव्य खर्चालाही म्हण आहे, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. कोंबडी आणि मसाला मिळून पूर्ण रुपया होतो, हे म्हण रचणाऱ्याने चोख पाहिले आहे.

शेतातल्या उभ्या पिकालाही हेच माप लावले जाई. त्याला 'आणेवारी' म्हणत. चांगले पीक ते सोळा आणे, आणि मग डोळ्यांनी पाहून अधिकाऱ्याने ठरवायचे की यंदा आठ आणे आले, सहा आले की चार. या अंदाजावर सारा माफ होणार की जप्ती येणार हे अवलंबून असे.

१९१७ साली गुजरातच्या खेडा जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, अतिवृष्टीने पिके बुडाली. महसुलाच्या नियमांप्रमाणे पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीच्या वसुलीला पूर्ण तहकुबी मिळायला हवी होती. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांहून कमी आहे. सरकारी अधिकारी म्हणत, अधिक आहे. पुण्याच्या भारत सेवक समाजाच्या कार्यकर्त्यांनी चौकशी केली, गांधीजींनी गावोगाव फिरून पाहणी केली, आणि दोन्ही चौकशांत शेतकऱ्यांची बाजू रास्त आढळली. सरकारने आपला अंदाज बदलला नाही. २२ मार्च १९१८ रोजी नडियाद येथे सत्याग्रह सुरू झाला. सारा न भरण्याची शपथ घेतलेल्यांची गुरे, भांडी आणि उभी पिके जप्त झाली. वल्लभभाई पटेल याच लढ्यातून सार्वजनिक जीवनात ठळकपणे पुढे आले. जूनमध्ये, ऐपत असलेल्यांकडूनच वसुली करावी अशी आज्ञा निघाल्यावर लढा थांबला.

हा सारा संघर्ष चार आण्यांचा होता. खिशातल्या चार आण्यांचा नव्हे, शेतातल्या.

दुसऱ्या महायुद्धात नाण्यांचा धातूच बदलू लागला. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली. लोकांनी तत्काळ जुन्या नावाचा आधार घेतला. 'राणीछाप' म्हणजे अस्सल, तो जपून ठेवायचा, नवा खर्चायचा. १९४३ मध्ये पैशाला मधोमध भोक पडले, तांबे वाचवण्यासाठी, आणि त्याचे नाव आपोआप 'भोकाचा पैसा' झाले. १९४७ चा रुपया निकेलचा होता. त्यात चांदी नव्हतीच. दीडशे वर्षांपूर्वी अंकुशी आणि चांदवडीत भेद करणाऱ्या बाजाराने राणीछाप आणि नव्या रुपयातला भेद तितक्याच सफाईने केला.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धत आली. रुपयाचे शंभर भाग झाले आणि जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून नव्या नाण्यावर 'नया पैसा' असे छापले गेले. अडचण अशी की सोळाने शंभरला भागले तर सव्वासहा येतात. मग तक्ते लागले. एका आण्याचे सहा पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. एकेक आण्याची वस्तू चार वेळा घेणाऱ्याचे चोवीस पैसे जात आणि चारही एकदम घेणाऱ्याचे पंचवीस. भाजीच्या टोपलीपाशी या एका पैशावरून घासाघीस होई. १ जून १९६४ रोजी 'नया' हा शब्द गेला. पैसा नुसता पैसा उरला.

आणा कायद्याने गेला, तोंडातून गेला नाही. पंचवीस पैशांना लोक चार आणे म्हणत राहिले, पन्नासला आठ आणे. पंचाहत्तर पैशांचे नाणे भारत सरकारने कधी पाडलेच नाही, तरी 'बारा आणे' ही रक्कम सर्वांना कळत होती. जी रक्कम स्वच्छ भागली जाई तिचे नाव टिकले. तीन आणे, पाच आणे, सात आणे मात्र एका पिढीत नाहीसे झाले. ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणे कायदेशीर चलन राहिले नाही, आणि चार आण्यांच्या मागे उभे राहणारे शेवटचे नाणे गेले.

महसूल खात्यात आणेवारीचे अधिकृत नाव आता 'पैसेवारी' आहे. दरवर्षी खरिपाच्या हंगामात आधी नजर अंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. गावातल्या काही शेतांत ठरावीक तुकड्यावरचे पीक कापून, मळून, तोलून पाहिले जाते. निकाल ५० पैशांच्या वर की आत, यावर त्या गावाचे लक्ष असते, कारण सवलतींची भाषा अनेक वर्षे त्या आकड्याभोवती फिरत आली आहे. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पावसाची तूट, जमिनीतला ओलावा आणि उपग्रहाने टिपलेली हिरवाई असे नवे निकष पुढे आणले. तरीही तलाठी, सरपंच आणि शेतकरी एकत्र बसून जो आकडा ठरवतात तो पैशांतच असतो. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून चलनात आहे, बाजारात कोणी घेत नाही. तालुक्याच्या कचेरीबाहेर याद्या लागतात, त्यांवर 'पैसेवारी' असे लिहिलेले असते, आणि त्या वाचायला आलेला शेतकरी शेजाऱ्याला विचारतो, "आपली आणेवारी किती लागली?"